आंदणाच्या जीपचं इंजिन

दारव्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. डोमाजी मिस्त्रीच्या गॅरेजात एका जीपचं इंजिन खोलून पडलं होतं, आणि शेजारच्या पार्टच्या दुकानात देवसिंग आणि त्याची बायको हंसाबाई उभे होते. जीप त्यांची नव्हती. लेकीच्या, राखीच्या लग्नात त्यांनीच ती जावयाला, शामला, आंदण दिली होती. जुनीच, पण रंग मारून. शाम तीत सवाऱ्या भरून पुसदला न्यायचा. आंदणाची गाडी बिघडली की मुलीच्या बापानंच ती दुरुस्त करायची, अशी त्यांच्या बंजारा तांड्यात रीत पडली होती. कुणी पाडली म्हणून विचाराल, तर सगळे आभाळाकडे बघतील.

दुकानदार देवीलालनं बेअरिंगचे दोन खोके पुढ्यात ठेवले. "हे कंपनीचं, हे लोकल."

"लोकल चालते का?" देवसिंगनं हळूच विचारलं. त्या वर्षी कापसानं सगळ्यांचेच हात रिकामे ठेवले होते.

"चालते ना," सोबत आलेला डोमाजी म्हणाला. "पण बेतानं. सवाऱ्या कोंबल्या, घाट चढवला, तं गेलं समजा."

शाम दाराशी पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. "मामाजी, काईबी टाका, आपलं काई म्हणणं नाई. फक्त गाडी रस्त्यात बंद पडली नाई पाहिजे. मंग माह्यं डोकं ठिकाणावर राहत नाई."

तो हसला. देवसिंगही हसला, भ्यालेला माणूस हसतो तसा.

हंसाबाईनं लोकलच्या खोक्याला हात घातला, तोच मागून कुणीतरी तिचा पदर ओढला. राखी होती. शाम तिला सोबत घेऊन आला होता, पण आल्यापासून ती मागंच उभी होती.

"याडी, हे नको. थे घे. त्याच्यावर चमकते थे चिटकवलं हाये ना, थे खरं," ती आईला म्हणाली.

"तुले काय कळते व त्यातलं?"

"क्लचप्लेट डुप्लिकेट निघाली होती. मंग वॉटरपंप."

एवढं बोलून राखीनं पदर हातावर ओढून घेतला. पण आईच्या डोळ्यांपासून काय लपतं? कोपरापाशी चटक्याचा एक जुना डाग, मनगटावर एक ताजा. पोरीनं गाडीचं बॉनेट कधी उघडलं नव्हतं. खरा पार्ट कोणता, खोटा कोणता, हे ती कातडीवर शिकली होती.

हंसाबाईनं लोकलच्या खोक्यावरचा हात काढला. कंपनीचं घेतलं तर आज निभावेल. पण गाडीत बेअरिंग हा एकच पार्ट असतो थोडाच? उद्या पिस्टन, परवा गिअर. यंत्रच ते, बंद पडणारच. आणि इकडे धाकटीचं लग्न व्हायचं होतं, तांडा तोंडात शेण घालायला बसलाच होता. ती फार भ्याली. शूर बाई होती म्हणून खोटं कशाला लिहायचं!

"देवीलालभाऊ, ठेवून द्या."

"कोणतं?"

"दोन्ही."

"येडी झाली काय?" देवसिंग दबक्या आवाजात म्हणाला. "पोरीचं घर मोडन!"

"घर? हे पाहा घर!" तिनं भरल्या दुकानात राखीचा हात वर धरला.

शाम तेवढा बोलला.

"अन् गाडीचं काय, मामीजी?"

बायकोचा हात सगळ्या दुकानानं पाहिला, आणि या बाप्यानं विचारलं गाडीचं!

"गाडी तुमची, इंजिन तुमीच बसवा. राखी आमच्यासंग चालली. आधी ठाण्यात, मंग घरी."

शाम पुढं सरकला. हंसाबाई मागं सरकली नाही. तिनं राखीचा हात तेवढा घट्ट धरला. आणि देवसिंग, जो जन्मात जावयापुढं मान वर करून बोलला नव्हता, लेकीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला.

बापांनो, लेकीच्या घरची गाडी बंद पडल्याचा निरोप आला, तर कोणता पार्ट गेला ते सावकाश विचारा. आधी लेकीचे हात बघून या.