भुऱ्याची धाव

भुऱ्याचा मागचा पाय मोटारीखाली चिरडला, तेव्हा तो कापायचा निर्णय डॉक्टरबाईंनी उभ्याउभ्या घेतला. हात कसलेला, जखमही झकास भरली. पण कुत्रा काही उठेना. त्याचा मालक, म्हातारा शिंपी, त्याला कडेवर घेऊन फिरवी, हाताने भरवी. शेवटी एका दुपारी त्याने भुऱ्याला दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं आणि तोंड फिरवलं.

“बाई, सोडवा त्याला. त्याचं मन उडालंय जगण्यावरून.”

“असं तो म्हणाला तुम्हाला?” कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. ते बाईंचे वडील. जन्मभर कॉलेजात ताओ हे चिनी तत्त्वज्ञान शिकवलं, आता लेकीच्या दवाखान्यात पेपर वाचत बसत आणि नको तिथे नाक खुपसत.

“बाबा, गप्प बसा हो!” बाई म्हणाल्या. पण त्यांची नजर कुत्र्यावर खिळली होती. भुऱ्याला डुलकी लागली होती. मिशा थरथरत होत्या, घशातून बारीक भुंकणं येत होतं आणि पाय चालत होते. तिन्ही पाय, आणि त्यांच्या लयीत तो उरलेला खुंटही.

“पळतोय की हो!” शिंप्याला भरून आलं.

“चारी पायांनी,” वडील म्हणाले. “आता लंगडा भुऱ्या खरा की हा स्वप्नातला, ते तुम्ही-आम्ही कोण ठरवणार? ताओत अशा वेळी एकच करतात. मधे पडत नाहीत.”

बाईंनी झोपलेला कुत्रा अलगद उचलला, मागच्या गवतावर नेऊन ठेवला. शिंपी धावला, तशी त्यांनी त्याची बाही धरली.

“काका, हात लावायचा नाही. मी सांगते ना!”

भुऱ्या दचकून जागा झाला. स्वप्नातला पाठलाग अजून अंगात होता. ताडकन उठला, सुसाट सुटला आणि कुंपणाशी सपशेल तोंडावर आपटला. शिंप्याने डोळे मिटले. भुऱ्या मात्र आपला आपण उठला, अंग झटकलं, कुंपणाचा खांब हुंगला आणि तिथेच धार सोडली. पाय वर करायची कटकट तर कायमचीच मिटली होती! शिंपी हसता हसता रडायला लागला.

तो कुत्र्याला चालवत घरी गेला, तेव्हा वडिलांनी हळूच विचारलं, “खात्री होती तुला?”

“होती,” बाई म्हणाल्या आणि टेबल पुसायला घेतलं.