भिंतीलगतची गंज

सकाळपासून सोपानतात्या कडब्याच्या पेंढ्या वाहत होते आणि त्यांची बायको फुलाबाई त्यांच्याशी भांडत होती. भवानीनगरच्या रस्त्याला तात्यांनी गोदाम बांधून खताच्या व्यापाऱ्याला भाड्यानं दिलं, तेव्हा साऱ्या गावाला हेवा वाटला होता. यंदा मात्र विम्याचा हप्ता असा चढला, की भाड्यात काही उरेना. विमा सोडावा, तर व्यापारी माल ठेवायला तयार नाही. हप्ता का चढला, तर भिंतीला चिकटून रचलेली कडब्याची गंज. ती हलवा, आमचा माणूस येऊन बघेल, मग हप्ता उतरेल, असं कंपनीनं कळवलं होतं.

तो माणूस आज दुपारी यायचा होता. पण गंज कायमची हलवायला तात्या राजी नव्हते. गोठा गोदामामागंच, कडबा म्हशींच्या हाताशी हवा. म्हणून एका दिवसापुरता तो शेजारच्या मानसिंगच्या बांधावर. मानसिंगला विचारलंही नाही, विचारलं तर कारण सांगावं लागणार.

"त्यो मानूस गेल्याव मी एक पेंढी उचलायची न्हाय," फुलाबाई म्हणाली.

"नगं उचलू. मी हाय की."

भांडता भांडता तिनं गंजीखालची जागा मात्र खराट्यानं लख्ख झाडून काढली.

मानसिंगचा ऊस कालच तुटून गेला होता आणि रानभर वाळलं पाचट पसरलं होतं. ऊस गेला की पाचट पेटवायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. तात्यांना ती ठाऊक नव्हती थोडीच! पण डोक्यात विमा शिरलेला. मला तर त्यांचा अजून राग येतो.

दुपारी विमावाल्याची जीप येऊन थांबते न थांबते, तोच पलीकडच्या कोपऱ्यातून धूर उठला. मानसिंगनं पाचट पेटवलं होतं, आणि वारा फिरला. आम्ही आसपासची माणसं ओली पोती घेऊन धावलो. जाळ बांधावर चढला आणि गंज भडकली. ठिणग्या उडून गोदामाकडं येऊ लागल्या. पण भिंतीपाशी पेटायला काही नव्हतंच. झाडलेल्या मातीवर पडून त्या विझत गेल्या.

सारं निवल्यावर विमावाल्यानं विचारलं, गंज कोणाची? तात्या मानसिंगकडं बघू लागले. 'मानसिंगची' एवढा एक खोटा शब्द बोलले असते, तर निभावून गेलं असतं.

फुलाबाई पुढं झाली. "आमचीच. सकाळपातूर ह्या भितीला व्हती. तुमी गेल्याव परत हितंच रचायची व्हती."

तात्यांनी डोळे मिटले. हप्ता आता उतरत नाही, हे आम्हीही ओळखलं.

"आणि आता?" विमावाल्यानं विचारलं.

"आता रचायला ऱ्हायलंय काय?"

तो काळ्या बांधाकडं बघत राहिला, मग भिंतीला हात लावून आला. तसाच जीपमध्ये बसला.

भिंत मोकळी आहे, असं त्यानं कंपनीला कळवलं आणि हप्ता उतरला. तात्यांनी कडबा विकत आणला आणि गंज रचली ती पार विहिरीपलीकडं. तिथून दोन्ही वेळा पेंढ्या तेच वाहून आणतात. फुलाबाई एकीलाही हात लावत नाही.