दोरा ओलांडणारी तार

मी एक जुनी तार आहे. मित्रांनो, लांबून पाहाल तर वाटेल, कुणीतरी वाकवून फेकून दिलेली. पण मला चक्क बक्षीस मिळाले आहे, आणि तेच माझ्या आड आले.

आधी मी गणिताच्या सरांच्या गच्चीवर कपडे वाळवायचे. एका रविवारी सरांनी मला कापून वर्गसमीकरणाच्या आलेखाचा, उघड्या वाटीसारखा बाक दिला. "आता ओल्या चादरी काय तुमच्या समीकरणावर वाळत घालू?" त्यांची बायको कडाडली. सरांनी हसत मला शाळेत नेले.

वर्गात चिमी होती. तिला दिसत नव्हते. वर्गसमीकरणाची मुळे ती सूत्राने अचूक काढायची आणि तरी विचारायची, "पण सर, मुळं म्हणजे नेमकं काय?"

सरांनी फळीवर आडवा दोरा ताणला, त्याला सारख्या अंतरावर गाठी मारल्या आणि त्यावर मला बसवले. चिमीची बोटे माझ्यावरून घसरत खाली आली, दोरा ओलांडून गेली, पुन्हा वर चढली.

"पहिल्या गाठीवर ओलांडला, मग तिसऱ्या गाठीवर! एक आणि तीन! हीच मुळं?"

मला आभाळ ठेंगणे झाले. सरांनी मला जरा वर सरकवले, तसे माझे बूड दोऱ्याला दुसऱ्या गाठीवर नुसते टेकले. दोन्ही मुळे सारखी! "अजून वर नेली तर काय, ते उद्या बघू," सर म्हणाले.

तो उद्या आलाच नाही. मी प्रदर्शनात गेले, पहिली आले. सर निवृत्त झाले. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. वर पाटी: हात लावू नये.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा चिमी आली. "बाई, कधीकधी म्हणे वास्तव मुळंच नसतात. असं कसं? मला तारेला हात लावून बघायचंय."

"अगं, वाकडी झाली तर? शाळेची शान आहे ती," बाई मायेने म्हणाल्या.

चिमीची बोटे काचेवरून फिरली. मी आत, वीतभर अंतरावर. माझा जीव नुसता तळमळत होता.

"इथे तर सगळं सपाटच आहे," ती म्हणाली. "जाऊ दे, पाठ करते."

मित्रांनो, मला आता ऊन लागत नाही, गंज चढत नाही. येणारे-जाणारे म्हणतात, किती छान जपली आहे! असले जपणे नको हो मला. बाईंकडे किल्ली मागा. मी वाकले तर मला पुन्हा वाकवता येईल, तारच आहे मी. मला दोऱ्याच्या जरा वर धरा आणि चिमीला बोलवा. तिची बोटे माझ्या बुडापर्यंत येतील, दोरा शोधतील. तो सापडला नाही, की तिला कळेल.