एका बाजूनं केस असलेली माशी

बस की राव जरा, टेकून बस. सी विंगचा ना तू? मग ही माशीची गोष्ट तुला ठाऊकच असंल. न्हाई? मग ऐक, सांगतो.

आमचं चऱ्होलीचं रान गेलं, त्यावर तुमचे टॉवर उठले. माझ्याकडं राहिली एवढी जागा आन ही म्हैस, तानी. माझी बायको दुर्गा गेली, तवापासनं बोलायला हीच. पोरगा पुनावळ्याला फ्लॅटात. फोन करतो बिचारा, पण घाईघाईत.

तर तुमच्या बागेत पोरांच्या पायांना माश्या चावायला लागल्या. चेअरमन उद्धवराव आले. "मालोजीबुवा, पाऊस सुरू व्हायच्या आत म्हैस हलवा."

मी म्हनलं, "गेटावरचा तुमचा कचरा बघा आधी. माशी तिथली हाय."

मग ठरलं, वर्षालीला विचारायचं. तुमच्याच बिल्डिंगीतली पोरगी, चाकणला बिस्किटाच्या कंपनीत किडे-माश्या तपासती. तिनं बागेत चिकट कागद लावला आन त्यावर अडकलेली माशी घेऊन हितं ओट्यावर बसली. उद्धवराव बी होते.

"काका, सोंडेवरनंच कळलं असतं कुठली माशी ते, पण ती तुटलीय, म्हणून अँटेना बघू. डोळ्यांच्या मधे."

"मिशा म्हण की."

"मिशा तर मिशा. तीन तुकडे आहेत. पहिला स्केप, दुसरा पेडिसेल, तिसरा लांबोडा. तिसऱ्याच्या पाठीवर ताठ केस दिसतोय? तो अरिस्टा."

"आयला, केसाला बी नाव!"

"त्याच्यावरच सगळं आहे, काका. अरिस्ट्याला दोन्हीकडनं बारीक केस असले, पिसासारखे, तर ती घरमाशी, कचऱ्यावरची. नुसते वरच्या बाजूनं असले, कंगव्यासारखे, तर गोठ्यातली. ती चावते."

मी तिच्या भिंगाला डोळा लावला. मनात म्हनलं, देवा, पीस असू दे.

कंगवा होता, राव.

मग मीच बोललो, "माझीच हाय."

"झालं तर मग," म्हणून उद्धवराव उठले. पोरीनं त्यांना परत बसवलं आन गोठ्यात गेली. तानीला बसायला मऊ म्हणून दुर्गा उष्टं गवत अंथरायची, मी बी तसंच करतो. ते मुतानं भिजून कुजतंय. "माशी यातच अंडी घालते," वर्षाली म्हनली. "हे रोज ओढून उन्हात पसरा. माश्या राहणार नाहीत. म्हैस कशाला काढायची?"

उद्धवरावांनी डोकं खाजवलं. "पावसापर्यंत बघतो. माश्या हटल्या तर राहू दे."

मी लगोलग कामाला लागलो. पण कंबर वाकत न्हाई रे आता. काल निम्मं ओढलं आन तिथंच बसलो. तानी नुसती बघत हुती माझ्याकडं. तिला म्हनलं, जाशील गं तू बी.

तू रोज सकाळी हितनं चालायला जातोस, बघतो मी. उद्या जरा आत वळशील का? गवत ओढायचं दाताळं मी देतो, चहा बी टाकतो. तेवढं कुजलेलं गवत माझ्यासंगं ओढू लाग, भावा.