अठ्ठावीस किलोंचा अंदाज

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. जन्मतः मी असा नव्हतो. ही खोड मला नोकरीने लावली.

खाली लोखंडी फळी, मागे उभा खांब, वर आडवी पितळी दांडी आणि तिच्यावर सरकणारे एक लहानसे वजन, एवढाच माझा देह. कारखान्यातून निघालो तो थेट भंगाराच्या गोदामात रुजू झालो. विकणाऱ्याला वाटे, मी कमी दाखवतो. घेणाऱ्याला वाटे, मी जास्त दाखवतो. दोघेही वाकून माझ्या फळीखाली बघत आणि मी त्या दोघांकडे बघत असे. कोणी पोत्याच्या तळाशी ओली वाळू भरून आणी. कोणी गप्पा मारता मारता पायाचा अंगठा हळूच फळीवर टेकवी. दरवर्षी तपासनीस येऊन माझ्यावर शिक्का मारून जाई. माझ्या खरेपणाला तेवढा पुरावा होता. माणसांवर असा शिक्का कोणी मारत नाही, याचे मला तेव्हापासून नवल वाटते.

पुढे गोदामात लाल आकडे चमकवणारा विजेचा काटा आला. मला उचलून त्याच भंगाराच्या ढिगावर टाकले. पाऊस झाला, दांडी गंजली, एका कोळ्याने खांबावर संसार थाटला. एके दिवशी पिंजऱ्यांसाठी जुन्या जाळ्या शोधत एक बाई आल्या. त्यांनी माझ्या फळीवर हात ठेवून दांडी किती हलते ते पाहिले, उचलून पुन्हा पाहिले आणि मला घरी नेले.

घर म्हणजे टाकून दिलेल्या प्राण्यांचा आश्रम. तो दोघीजणी चालवतात, नणंद आणि भावजय. मला घरी आणणाऱ्या त्या ताई. पूर्वी त्या प्रयोगशाळेत काम करत. त्या मोजके बोलतात. प्राण्यांचे सगळे ताईंकडे आणि पैसा उभा करण्याचे काम वहिनींकडे. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्या ताई वाघालासुद्धा नाही म्हणायच्या नाहीत. त्याला खायला कुठून आणायचं, ते मात्र मला विचारायचं."

मला दारालगतच्या खोलीत ठेवले. नवा प्राणी आला की आधी माझ्यावर येतो, कारण औषध किती द्यायचे हे वजनावर ठरते. त्यांचाही माझ्यावर विश्वास नसे. मांजरे फळीला नखे रोवून बसत. एक गाढव पुढचे दोन पाय ठेवून मागचे दोन जमिनीवरच राखी. मला त्यांचा राग येत नसे. ज्याला एकदा फसवले आहे, त्याने इतपत सावध असावेच.

राग मला त्यांना आणणाऱ्यांचा येई. प्रत्येक जण म्हणे, "रस्त्यावर सापडलं हो." एका गृहस्थांना रस्त्यावर ससा सापडला होता, त्याचा पिंजरा, पाण्याची बाटली आणि अर्धे गाजर यांसह. ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "बिचारा सामानासकट हरवला होता."

अशा वातावरणात एक बांधकाम कंत्राटदार येऊ लागले, तेव्हा मी त्यांच्याकडेही संशयानेच पाहिले. ते दर महिन्याला खाद्याची पोती पाठवत आणि स्वतः येऊन पोत्यावर हात ठेवून फोटो काढून घेत. आजारी प्राण्यांच्या खोलीच्या भिंती उभ्या होत्या, पण वर नुसती ताडपत्री होती. तिथे स्लॅब टाकून देण्याचा शब्द त्यांनी दिला होता. मला वाटे, एवढे देतो त्याअर्थी याला काहीतरी हवे असणार. वहिनींना तसे वाटत नव्हते. "धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत," असे त्या ताईंना बजावत.

एका सकाळी कंत्राटदार ड्रायव्हरला न घेता एकटेच आले. मागच्या सीटवर एक म्हातारा, झुपकेदार केसांचा तपकिरी कुत्रा होता. हमरस्त्याच्या कडेला सापडला, असे त्यांनी सांगितले. वहिनींनी फोटोसाठी फोन काढला, तर म्हणाले, आज नको. कुत्रा स्वतःच माझ्या फळीवर चढला आणि शिस्तीत बसला. वहिनींनी त्याचे नाव तिथल्या तिथे 'साहेब' ठेवले.

ताई दांडीवरचे वजन सरकवू लागल्या. कंत्राटदार गाडीची किल्ली खिशात टाकत सहज बोलून गेले, "अठ्ठावीस भरेल."

दांडी अठ्ठाविसावर स्थिर झाली.

मित्रांनो, केसाळ कुत्र्याचे वजन अंदाजाने सांगणे फार कठीण असते. केसांमुळे डोळे फसतात. डॉक्टरसुद्धा चार-पाच किलोंनी चुकतात. मी ताईंकडे पाहिले. त्या दांडीकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, पण बोलल्या काहीच नाहीत. खरे सांगतो, त्या क्षणी मला ताईंचाही संशय आला. स्लॅबसाठी त्या गप्प राहिल्या, असे मला वाटले.

दोन दिवस साहेब जेवला, झोपला आणि फाटकाकडे तोंड करून बसला. तिसऱ्या सकाळी, खाण्याची भांडी मांडली जात असताना तो कोसळला. पाय ताठ, तोंडाला फेस. झटका थांबला आणि थोड्याच वेळात दुसरा आला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. ते म्हणाले, याला आधीपासून गोळ्या चालू असणार आणि त्या एकदम बंद झाल्या आहेत. कुठली गोळी आणि किती, हे कळले तर लगेच घडी बसवता येईल. अंदाजाने देत बसलो, तर या वयात शरीर तेवढी वाट बघेलच असे नाही.

ताईंनी माझ्या शेजारच्या टेबलावरचा फोन उचलला. वहिनींनी त्यांचा हात धरला.

"कुणाला लावताय?"

"त्यांना. कुत्रा त्यांचाच आहे. रोज औषध देणाऱ्यालाच वजन असं पाठ असतं."

"अहो ताई, असं तोंडावर म्हटलं तर स्लॅब विसरा. पोतीही विसरा. बाकीच्यांनी काय खायचं?"

वहिनींनी कोठीच्या दाराकडे बोट केले. त्यांनी हात धरला तेव्हा मी त्यांच्यावरही शंका घेतली होती, ती उगीच, असे मला वाटले. त्या लोभी नव्हत्या. कोठीत किती पोती उरली आहेत, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

ताईंनी फोन खाली ठेवला नाही. त्या म्हणाल्या, "बाकीच्यांसाठी आपण दुसरीकडे हात पसरू शकतो. याच्या गोळीचं नाव मात्र एकाच माणसाकडे आहे." वहिनींनी हात सोडला.

ताईंनी आरोप केला नाही. कुत्र्याला झटके येत आहेत एवढे सांगून त्यांनी गोळीचे नाव विचारले. पलीकडून, मला काय माहीत, असे उत्तर आले आणि फोन बंद झाला. मला वाटले, संपले. वहिनी पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

दुपारी फाटकाबाहेर गाडी थांबली. हे आता भांडायलाच आले, असे मी मनाशी म्हटले. कंत्राटदार आत आले, खिशातून गोळ्यांची पाकिटे काढून टेबलावर ठेवली आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सकाळी एक, रात्री अर्धी. खाण्यात लपवून द्या, नुसती थुंकतो. घरात लहान बाळ आलंय. झटका आला की सगळे घाबरतात. याला सोडून या म्हणून रोज माझ्याच मागे लागायचे." मग त्यांनी विचारले, "वाचेल ना?"

"आता वाचेल," ताई म्हणाल्या. "भेटणार का त्याला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ते निघून गेले. आतल्या खोलीत, ताडपत्रीखाली पडलेल्या साहेबाने गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकून शेपटी आपटली. तेवढेच.

साहेब वाचला. कंत्राटदार पुन्हा आले नाहीत. पोती थांबली आणि स्लॅबही झाला नाही. वहिनींनी ताईंना त्याबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. त्या रोज सकाळी उठून दारोदार फिरतात, एकेका घरून थोडे थोडे मिळवतात. ताडपत्रीला यंदा दुसरी ताडपत्री जोडली आहे.

मित्रांनो, माझा संशयी स्वभाव अजून गेलेला नाही. घरचा प्राणी सोडून देऊ नये, हे तुम्हाला शाळेत शिकवले असेलच. पण कधी तुमच्या घरातल्या मोठ्यांनी तसे ठरवलेच, तर त्यांच्याबरोबर तुम्हीही या. ताई आता दारात कोणालाही खरे-खोटे विचारत नाहीत. प्राणी कशाला घाबरतो, काय खातो, कुठले औषध घेतो, एवढेच विचारतात. मोठी माणसे गप्प राहिली, तर ते तुम्ही सांगा. हवे तर स्वतःचे नाव लपवा, पण त्याच्या गोळीचे नाव लपवू नका.