सूर्य मावळायच्या आत

माझ्या आईला तुझ्या हॉटेलात बोलावू नकोस, असं मी ओमकारला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. टिळकवाडीत माझ्या खोलीवर ये, चहा घे, पाया पड आणि जा. पण तो बेळगुंदी गावचा गडी, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. "मी काय काम करतो ते बघू दे की त्यांना. लपवून लगीन करायचं व्हय?" म्हणाला.

तो जिथं मॅनेजर आहे तिथं लोक वाईन प्यायला येतात. जेवण मिळतं, पण ते वाईनच्या जोडीला. आणि माझी आई अनुराधा निपाणीच्या जैन घरातली, सूर्य मावळला की पाण्याचा घोटही न घेणारी. बाबा गेल्यापासून शेत आणि मी, दोन्ही तिनंच सांभाळलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिनं सांगितलं होतं, शनिवार-रविवार ब्राह्मीकडं, म्हणजे माझ्याकडं, जातोय, शहापुरात साडी बघायची आहे. खरं काम आम्हा दोघींना ठाऊक होतं. मुलगा आपल्यातला नाही, त्यात असल्या हॉटेलातला. स्वतःच्या डोळ्यांनी बघून काय ते सांगते, म्हणाली होती. तिनं नाही म्हटलं तर मी काय करणार, या विचारानं माझी झोप उडाली होती.

दिवसभर ती शांत आणि मी कातावलेली. किल्ल्यातल्या बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शन झालं. शहापुरात तिनं ढीगभर साड्या उलगडायला लावल्या आणि एकही न घेता उठली. दुकानदारापेक्षा मीच चिडले. ओमकारबद्दल एक अक्षर विचारत नव्हती. विचारलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

ऊन कलतं असतानाच आम्ही हॉटेलात पोचलो. एरवी ते दिवेलागणीनंतर उघडतं. आज ओमकारनं मालकांची परवानगी काढून आमच्यासाठी लवकर उघडायला लावलं होतं. आत भिंतभर बाटल्या आडव्या निजवलेल्या, टेबलांवर लांब दांड्याचे पेले. आई खुर्चीच्या कडेवर टेकली, दवाखान्यात बसतात तशी.

"ही समदी दारू व्हय गं?"

"वाईन आहे आई. द्राक्षांची."

"द्राक्षांची झाली म्हणून दारू न्हवं का ती?"

तेवढ्यात ओमकार आला. आईच्या पाया पडला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "दारूच ती काकू. मी ती विकतो. चव घ्यावी लागती, त्यामुळं अजिबात पीत न्हाय असंबी न्हाय."

टेबलाखालून लाथ घालावी तर हा बसलेलाच नव्हता.

"बरं झालं सांगितलासा," आई म्हणाली. बरं म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

ओमकार मात्र सुरूच. "भांडी नवी आणलीत. पाणी गाळून घेतलंय. कांदा, लसूण, बटाटा, आलं, कायबी न्हाय. आन् ह्या खिडकीतनं सूर्य दिसतोय बघा. तो मावळायच्या आत जेवण उरकायचं." एवढं बोलून तो स्वयंपाकघरात पळाला.

मला भरून आलं. मी वेळोवेळी बोलता बोलता सांगितलेलं त्यानं सगळं लक्षात ठेवलं होतं. आई खिडकीबाहेर बघत होती. मी एकदा तिच्याकडं, एकदा सूर्याकडं, एकदा त्या बाटल्यांकडं.

वेटरनं कोकम सरबताचे दोन पेले आणून ठेवले. घशाला कोरड पडली होती, मी मोठा घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. गोड, मागून किंचित तुरट. जांभळाच्या फुलांचा मध. ओमकारच्या आईच्या, अक्काताईंच्या घरचा.

आमच्यात जशी दारू आणि मांस वर्ज्य, तसाच मध. माश्यांचं घर मोडून काढलेला म्हणून. आठवीत असताना चातुर्मासात मुनी महाराजांपुढं आईच्या शेजारी बसून मीही तो नियम घेतला होता. ओमकारला मी बटाटा सांगितला, कांदा सांगितला, रात्रीचं पाणीसुद्धा सांगितलं. मध सांगायचा राहूनच गेला.

आईनं पेला उचलला. गप्प बसले असते तर तिला कळलंही नसतं, कारण तिनं जन्मात मध चाखला नव्हता. ती प्याली असती, जेवली असती, कदाचित हो म्हणाली असती. खोटं कशाला सांगू, तेवढ्या क्षणात हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

"आई, पिऊ नको!" मी तिचा हातच धरला. थोडं सरबत टेबलावर सांडलं.

माझा आवाज ऐकून ओमकार धावत बाहेर आला. "काय झालं?"

"ह्यात मध घातलास?"

"व्हय. आईनं मुद्दाम दिलाय काकूंच्यासाठी. देवाच्या पंचामृतात घालतोय आपण, साखरंपेक्षा चांगलाच की." मग माझं तोंड बघून त्याला उमगलं. चेहरा पार उतरला त्याचा. "काकू, चुकलं माझं. लई चुकलं."

आई त्याच्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

"तुला गं कसं कळलं?"

"काय?"

"मध हाय म्हणून. एका घोटात कसं कळलं तुला?"

कॉलेजच्या हॉस्टेलवर खोकल्यासाठी घेतला होता, असं सांगता आलं असतं. जीभ उचलली नाही.

"बेळगुंदीला खाल्ला. ह्याच्या घरी. अक्काताईंनी भाकरीवर घातला होता."

"कवा?"

"दिवाळीत."

दिवाळीत मी तिला सुट्टी मिळत नाही म्हणून कळवलं होतं. ती एकटीच होती घरात. तिनं त्याची आठवण करून दिली नाही. पेला खाली ठेवला आणि पदरानं सांडलेलं पुसू लागली. आता ती उठणार, मला वाटलं.

"ओमकार," ती म्हणाली, "तुझी काय चूक न्हाय बाळा. तुला सांगितलं तेवढं समदं केलंस तू. जेवण आण जा. सूर्य हाय अजून."

तो गेला. 

"त्या पोराला मी काय खात न्हाय ते समदं पाठ हाय," आई म्हणाली. "आन् माझी लेक काय खाती, कुठं जाती, मला म्हायत न्हाय."

ती रागावली असती तर मी सोसलं असतं. पण तिचा आवाज कापत होता. मला रडू फुटलं.

"तू नाही म्हणशील म्हणून भीत होते गं."

"न्हाय म्हणायला मी आलोच न्हवतो. सकाळी साडी कुणासाठी बघत होतो? तुझ्या सासूसाठी. रिकाम्या हातानं कसं जायचं त्यांच्या दारात? पण त्यांना कुठला रंग आवडतोय कुणाला म्हायत, म्हणून उठलो." डोळे पुसून तिनं माझ्याकडं बघितलं. "तू ऱ्हाऊन आलीयास की त्यांच्यात. सांग."

"हिरवा," मी म्हणाले.

"उद्या जाऊ मग शहापूरला."

ओमकार ताट घेऊन आला. आईनं हात जोडले, डोळे मिटून क्षणभर थांबली आणि पहिला घास घेतला. मग डाव्या हातानं आपला सरबताचा पेला माझ्यापुढं सरकवला.

"पी हे. टाकू नको. कुणाच्यातरी आईनं दिलंय."

मी तिच्या डोळ्यांदेखत तो सगळा प्याले.