पॉलिश पेपर

धावड्याच्या साधनानं जालन्याला आयटीआयत फिटरचा ट्रेड घेतला तेव्हा गाव हसलं. तिनं कानस चालवतानाची पहिली रील टाकली, तेव्हा तेच गाव तोंडात बोटं घालून बसलं. पोरगी लोखंड घासून राह्यली, ओढणी कमरेला खोचलेली, मागं दणदणीत गाणं. लोकांना अजून काय पाहिजे? बघणारे वाढले. गावात तिच्या आई, द्वारकाबाई, शेजारणींना बोलावून बोलावून दाखवायच्या. सगळं ब्येस चाललं होतं, मार्क तेवढे सोडून.

आणि मार्कांवर तर सगळं होतं. वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकल पास झाली, तर एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तिला अप्रेंटिस म्हणून घेणार होते. नापास झाली, तर गाठोडं बांधून धावड्याला परत.

घोटाळा असा, की कानशीनं नीट घासलेलं लोखंड दिसायला मळकटच असतं. रीलमध्ये ते कोण बघणार? म्हणून जॉब, म्हणजे घासायला दिलेला लोखंडाचा तुकडा, तयार झाला, की साधना त्यावर पॉलिश पेपर मारायची. चार हात मारले, की आरसा! पण पेपरला कुठं अक्कल असते? तो चमकवता चमकवता कडा खातो. एका तुकड्याच्या खाचेत दुसरा तुकडा तंतोतंत बसला पाहिजे. कडा गोल झाल्या, की मधून उजेड दिसतो आणि मार्क जातात.

सहामाहीला तेच झालं. शिकवणाऱ्या अबुबकर सरांनी तिचा जॉब खिडकीकडं धरला आणि एक डोळा मिटला.

"साधना, नवरदेवासारखा सजवला तू ह्याला. पण बसतो कुठं?"

वर्ग खदखदून हसला. साधनानं बाहेर जाऊन त्याच जॉबची रील टाकली. वाहवा झाली. एक जण मात्र लिहून गेला : 'पेपर मारला की ताई. कानस येते का बिलकुल?'

झालं! बाकीच्या कौतुकाचं पाणी झालं आणि हे एक वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. अजून कोण काय बोललं, हे ती जेवताना बघायची, तासाला बाकाखाली बघायची, कानस बाजूला ठेवून बघायची. झोप उडाली. हात थरथरायला लागला, आणि थरथरत्या हातानं कानस सपाट चालत नाही, झोपाळ्यागत हलते. जॉब वाकडा झाला, की ती अजून पेपर मारायची आणि अजून एक रील टाकायची. स्वतःच्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं दुसरं काय असतं?

"तुला काय होऊन राह्यलं गं?" एकदा सरांनी विचारलं.

साधना सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. "सर, भ्या वाटतं मला. लोकायनं सांगितल्याबिगर माझं चांगलं झालं का वाईट, तेच कळंना."

सरांनी तिला बाकावर बसवलं. मग म्हणाले, "सरकारी दवाखान्यात मनाच्या दुखण्यासाठी एक बाई बसतात, त्यांच्याशी बोलून ये. लाज कशाची? दात दुखला तर जातोच की आपण."

ती गेली. दोन-तीनदा गेली. बोलून हलकं वाटलं, झोपही थोडी यायला लागली. फोन मात्र सुटला नाही, उगाच खोटं कशाला सांगा?

प्रॅक्टिकलच्या दिवशी फोन दारातच जमा करून घेतले. साधना दिवसभर घासत राहिली. शेवटी एक तुकडा दुसऱ्यात सरकवला, तो अलगद बसला. तिनं जॉब खिडकीकडं धरला. उजेडाची रेघसुद्धा नाही.

अजून वेळ उरला होता, आणि जॉब मळकट होता. हात आपोआप खिशात गेला. पॉलिश पेपरचा तुकडा बाहेर निघाला, कडेवर टेकला. असा मळकट जॉब द्यायचा? लोक काय म्हणतील? तिनं मान वर केली. ज्याची त्याची मान आपापल्या कामात. तिच्याकडं बघणारं तिथं एक माणूस नव्हतं.

तिनं पेपर चुरगाळला आणि कचऱ्यात टाकला. जॉब तसाच नेऊन दिला. परीक्षकांनी तो उजेडाला धरला, खाली ठेवला आणि पुढच्याला बोलावलं.

दारात फोन हातात आला, तशी बोटं शिवशिवली. टाकायला काहीच नव्हतं; जॉब आत राहिला होता. तिनं घरी फोन लावला.

"आई, जॉब बराबर बसला."

"मंग फोटो पाठीव की जल्दी! शेजारच्या नंदाबाई बसल्यात हितं कवाच्या."

"फोटो काढलाच न्हाई. फोन बाहेर ठेवला व्हता."

द्वारकाबाई बुचकळ्यात पडल्या. "अगं बाई! मंग चांगला झाला म्हणून तुला सांगितलं कोणी?"

"कोणीच न्हाई," साधना म्हणाली. "म्या पाह्यला."